रेसच्या तबेल्यातला घोडा की सारंगखेड्याचा? पहिला घोडा घेणाऱ्यांसाठी

स्वतःचा पहिला घोडा घ्यायचं मनात आलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसासमोर दोन वाटा येतात. एक म्हणजे रेसमधून बाहेर पडणारा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा घोडा, ट्रेनरच्या तबेल्यात जाऊन पाहायचा. दुसरी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार, म्हणजे बहुतेक मारवाडी किंवा काठेवाडी घोडा. दोन्हीकडे पाय झिजवल्यावर माझं मत पक्कं झालंय. पहिल्या खेपेला घेणाऱ्याने आधी रेसचा तबेला गाठावा. थरोब्रेड मारवाडीपेक्षा सरस आहे असं मला म्हणायचं नाही. तबेल्यातला घोडा आज पाहिला, तरी पुढच्या आठवड्यात परत पाहता येतो. बाजारात तेवढी सवड क्वचितच मिळते.

रेसकोर्सच्या तबेल्यात मात्र वाटलं म्हणून शिरता येत नाही. ट्रेनरशी बोलून वेळ ठरवावी लागते. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर. मुंबईचा नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत. घोडा पळो न पळो, महिन्याचं बिल येतच राहतं. म्हणून हंगाम संपत आला की मागे पडलेले घोडे मालक काढायला बघतात. विचारणा तेव्हा करा.

जायचं ते पहाटे, ट्रॅकवरचं काम सुरू व्हायच्या आधी. हे मी चूक करून शिकलोय. एका तबेल्यात मी दुपारी चारला गेलो. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा पाच वर्षांचा घोडा, अंगावर खरारा फिरवून चकचकीत केलेला, पुढच्या दोन्ही पायांना पट्ट्या. पट्ट्या सोडायला सांगितल्या तर पाय ओले आणि थंडगार, म्हणजे नुकतंच पाणी मारलेलं. मी खूश होऊन परतलो. दोन दिवसांनी उजाडता उजाडता पुन्हा गेलो, सईसाला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, पट्ट्या काढायला लावल्या आणि अर्धा तास थांबलो. डाव्या पायाची मागची शीर (रक्ताची नव्हे, टेंडन) हाताला गरम लागली.

ती तपासायची रीत साधी आहे. पुढचा पाय उचलून घ्या, म्हणजे शीर सैल पडते. गुडघ्याखालच्या नळीमागे अंगठा आणि तर्जनी ठेवून हळूहळू खाली या. शीर दोरीसारखी सरळ, एकसारख्या जाडीची लागायला हवी. मध्येच फुगवटा, गाठ किंवा ऊब लागली, किंवा घोड्याने पाय झटकला, तर दुसरा पाय तसाच चाचपून फरक बघा. जुनी, थंड पडलेली गाठ असेल तर हलक्या रपेटीला घोडा चालूही शकतो. गरम असेल तर तिथेच थांबा. नंतर कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडका चालवून घ्या. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना डोकं वर जातं.

तबेल्याच्या दाराची कड चावलेली आहे का, तेही पाहून ठेवा. दिवसाचे बरेच तास कोंडून राहिलेल्या घोड्यांना लाकूड धरून हवा ओढायची किंवा एका जागी डोलत राहायची खोड लागते, आणि ती सहसा सुटत नाही. हे सईसाला विचारा, तो रोज त्याच्याजवळ असतो.

या घोड्याची मोठी जमेची बाजू म्हणजे कागद. थरोब्रेडची नोंद भारतीय स्टड बुकात असते. आईबाप, जन्मसाल, मायक्रोचिप सगळं पडताळता येतं आणि कुठल्या शर्यतीत कितवा आला तेही कळतं. मध्येच आठ-दहा महिने तो धावलाच नसेल, तर का, हे विचारायला तुमच्या हातात धागा मिळतो.

पण बसायला हा घोडा कोरा असतो. मुखात लगाम ताणला की जोर लावून पळायचं, एवढंच तो शिकलेला. घाबरून तुम्ही लगाम ओढला की तो आणखी जोरात सुटतो. टाचेचा इशारा त्याला नवखा. सहा महिने तरी जाणत्या माणसाने त्याला नव्याने घडवावं लागतं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करून चारा वाढवायचा, रोज मोकळं सोडायचं. पचन नाजूक असतं, रेसच्या घोड्यांत पोटातले अल्सर सर्रास आढळतात.

सारंगखेड्याचं सगळंच वेगळं. घोडा इंचांत मोजतात. साठ-बासष्ट इंची मारवाडी म्हणजे देखणं जनावर, कानांची टोकं एकमेकांकडे वळलेली. रेवाल, म्हणजे न उसळवणाऱ्या भरभर चालीचा मिळाला तर तासन्‌तास बसा, पाठ दुखत नाही. खूर टणक, ऊन सोसतो, गावातल्या गोंगाटाला सरावलेला. थरोब्रेडचं वजन पाचशे किलोच्या आसपास, रोजचा कोरडा चारा-खुराक सुमारे दहा किलो. साडेतीनशे किलोचा मारवाडी सातेक किलोत भागवतो. वर्षभरात हा फरक खिशाला जाणवतो.

अडचण अशी की इथे माहिती मालकाच्या तोंडूनच मिळते. नोंद असलेले घोडे असतात, पण थोडे. वय दातांवरून ठरवायचं. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दात कायमचे येतात, पुढे अंदाज कठीण होत जातो. भाव अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) असण्यावर चढतो, पायांवर फारसा नाही. बरेच घोडे खच्ची न केलेले, म्हणजे नवशिक्याला अवघड. नाचकामाला शिकवलेला असेल तर तोंडाचे कोपरे उघडून बघा; काटेरी लगामाचे व्रण असतील तर तोंड हळवं झालेलं असतं किंवा पार मेलेलं. आणि ग्लँडर्सची तपासणी झालेली नसेल तर घोडा गाडीत चढवू नका. हा रोग माणसालाही होतो. घरी आणल्यावरही दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा ठेवा.

शिकवणारा माणूस, मऊ रिंगण आणि सहा महिन्यांचा धीर असेल तर रेसचा घोडा घ्या. पशुवैद्याला पाय दाखवून, एक्स-रे काढूनच पैसे द्या. मुळशी-भोरकडच्या खडकाळ वाटांवर रपेट करायची असेल आणि घोडा शेतावरच राहणार असेल, तर मी स्वतः मारवाडी घेईन, शक्यतो सहा-सात वर्षांची शांत घोडी. पण त्यासाठी दत्तजयंतीच्या तीन दिवस आधी सारंगखेड्याला पोहोचा आणि तिथेच मुक्काम करा. आवडलेली घोडी दुसऱ्या दिवशी पहाटे, मालक वैरण टाकत असताना, न सांगता जाऊन पुन्हा बघा.