ला पाझमधले साध्या वेशातले 'पोलीस'

उयुनीचं मिठाचं वाळवंट बघायला बोलिव्हियाला जाणारे ला पाझला एक-दोन रात्री काढतातच. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

शहर साधारण ३,६५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. म्हणून जो तो एकच बजावतो: आल्या आल्या दारू नको, धाप लागेल, डोकं ठणकेल. खरं आहे ते. बिअरसुद्धा ओतली की अर्धा ग्लास नुसता फेस. पण मला ना उंचीने त्रास दिला, ना दारूने. मी पूर्ण शुद्धीत असताना लुटला गेलो.

सोपोकाची भागात रात्री चांगली जाग असते. तिथे चुफ्लाय प्यायलो: सिंगानी, जिंजर एल, बर्फ, लिंबाची चकती. सिंगानी ही मस्कत द्राक्षांची तिथली दारू. थंडी फारच असेल तर 'ते कोन ते' घ्या, दालचिनीच्या कढत चहात सिंगानी. शेजारच्या टेबलावर एका आजोबांनी पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडले, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. आपण ताटाभोवती चित्राहुती घालतो तसंच. मला गंमत वाटली, आणि तेवढ्यात कोपऱ्यातला एक माणूस ती पद्धत समजावून सांगायला पुढे सरसावला.

चाळिशीचा, इंग्रजी बरं. मी पेरूचा, शिक्षक, तुमच्यासारखाच फिरायला आलोय म्हणाला. त्याने स्वतःच्या पैशाने एक फेरीही पाजली. निघताना म्हणाला, मलाही सागार्नागा रस्त्याकडेच जायचंय, टॅक्सीचं भाडं निम्मं-निम्मं करू. हात त्यानेच केला. टॅक्सीच्या टपावर ना दिवा, ना फोन नंबर.

दोन वळणं गेल्यावर जाकीट घातलेल्या एकाने गाडी अडवली, गळ्यातलं कार्ड क्षणभर दाखवलं आणि सरळ पुढच्या सीटवर येऊन बसला. अमली पदार्थांची तपासणी. पासपोर्ट आणि पैसे दाखवा.

पुढे झालं ती या धंद्याची खरी गोम. मी खिशात हात घालण्याआधी पेरूवाल्याने कुरकुरत आपलं पाकीट काढून दिलं. "कालही तपासलं, इथे असंच असतं," असं मला वर समजावलं. 'साहेबां'नी त्याच्या नोटा एकेक करून नाकाशी नेल्या, हुंगल्या (कोकेनचा वास म्हणे!) आणि पाकीट परत केलं. मग माझा नंबर. माझ्या नोटाही तशाच हुंगल्या, एका कागदी लिफाफ्यात घातल्या, लिफाफा चिकटवून माझ्या हातात ठेवला. "हॉटेलवर जाऊनच उघडा, रस्त्यात चोर फार." हे त्यानेच सांगावं! मला हॉटेलच्या अलीकडच्या चौकात उतरवलं. पेरूवाला मात्र गाडीतच राहिला.

लिफाफ्यात वर एक वीस बोलिव्हियानोंची नोट आणि खाली वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. डॉलर सगळे गेले.

रिसेप्शनवरच्या बाईंना नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "गाडीत तुमच्याबरोबर दुसरा 'पर्यटक' होता का?" तो, टॅक्सीवाला आणि जाकीटवाला, तिघं एकाच टोळीचे. पोलिसाला आपण प्रश्न तरी विचारू, पण आपल्याबरोबरचा माणूस मुकाट्याने पाकीट काढतो तेव्हा संशयच येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमजवळच्या पर्यटक पोलिसांकडे तक्रार दिली. खरे पोलीस टॅक्सीत बसून पैसे तपासत नाहीत, असं तिथे स्पष्ट सांगितलं. कुणी अडवलं तर गाडीत बसू नका, आधीच बसला असाल तर गजबजलेल्या ठिकाणी उतरा, पाकीट हातात देऊ नका, 'पोलीस ठाण्यात चला, चालत' म्हणा. ११० हा पोलिसांचा नंबर. परतायला टपावर नंबर असलेली रेडिओ टॅक्सी बारवाल्यालाच बोलवायला सांगा, आणि बारमध्ये भेटलेल्या नव्या मित्राला तिच्यात घेऊ नका. पासपोर्टची झेरॉक्स पुरते, मूळ प्रत हॉटेलच्या तिजोरीत.

तक्रारीची शिक्क्याची प्रत घेऊन आलो. विमा कंपनीने ती बघितली आणि रोख रकमेचा दावा आमच्या पॉलिसीत बसत नाही असं कळवलं.