रिकामी ट्रायकोकार्डे

गेल्या हंगामात माझ्या सांगण्यावरून ११ शेतकऱ्यांनी टोमॅटोच्या प्लॉटमध्ये ट्रायकोकार्डे, म्हणजे आत ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक वाढत असलेली अंडी चिकटवलेली कार्डे, लावली. ती सगळी रिकामी होती, आणि हे माझ्या लक्षात आले तेव्हा अळी फळात शिरली होती. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या इतरांची अशी फसगत होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत हेलिकोव्हर्पाचे, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचे, पतंग वाढू लागले होते आणि शेंड्याच्या पानांवर सुटी, पिवळसर पांढरी अंडी दिसत होती. ट्रायकोग्रामा हा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा मित्रकीटक किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. अळी बाहेर पडल्यावर त्याचा काही उपयोग नसतो, आणि हेलिकोव्हर्पाची अंडी साधारण ३ ते ५ दिवसांत उबतात. या घाईचाच पुरवठादाराने फायदा घेतला. नेहमीच्या प्रयोगशाळेत कार्डे शिल्लक नव्हती, हा मात्र दुसऱ्याच दिवशी पोहोचवतो म्हणाला. आलेल्या कार्डांवरची अंडी काळीभोर होती, आणि काळे अंडे म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढतो आहे, हे तर प्रशिक्षणात आम्हीच शिकवतो, त्यामुळे मी निर्धास्त झालो.

कार्डावर चिकटवलेले कोर्सायराचे (प्रयोगशाळेत यासाठीच वाढवलेल्या तांदळावरच्या पतंगाचे) अंडे ट्रायकोग्रामाने ग्रासल्यावर ३-४ दिवसांत काळे पडते हे खरे. पण प्रौढ कीटक उडून गेल्यावर उरलेले कवचही काळेच राहते, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी सुचले नाही. पाचव्या दिवशी एका ताईंनी विचारले, "साहेब, यातून किडे कधी निघायचे?" मी पानाखालचा तुकडा काढून भिंगाखाली धरला, तर बहुतेक प्रत्येक कवचाला सुईने टोचल्यासारखे गोल छिद्र होते. कीटक शेतातच बाहेर पडले असतील, अशी आशा धरून मी फ्रिजमध्ये ठेवलेले न उघडलेले पाकीट फोडले. त्यातही तीच छिद्रे होती, आणि पाकिटात मेलेला एकही कीटक नव्हता; म्हणजे कीटक निघून गेलेली जुनी कार्डेच पाकिटात भरून विकली होती. पुरवठादाराने सारा दोष उन्हाला दिला. पाकिटावर कीटक बाहेर पडण्याची तारीखच नव्हती, त्यामुळे त्याच्यापुढे मला काही सिद्ध करता आले नाही.

तारीख नसलेले पाकीट कितीही घाई असली तरी घेऊ नका, आणि कार्ड हाती पडताच भिंगाने तपासा. प्रत्येक खेपेतला एक कोपरा काचेच्या बाटलीत टाकून, तोंडाला कापूस लावून सावलीत ठेवा. पाकिटावरच्या तारखेच्या आसपास बाटलीत हलणारे ठिपके दिसले नाहीत, तर लगेच शेतात जाऊन अंडी व लहान अळ्या मोजा आणि दुसरा उपाय ठरवा.

त्या ११ जणांच्या शेतावर जाऊन मी चूक कबूल केली. दोघांनी तोवर कामगंध सापळेही उपटून बांधावर टाकले होते.