चार १८ इंची बेस, आठ महिने: घुम गेली, ठोका आला

डीजे साउंडची मांडणी अशी: बेससाठी १८ इंची ड्रायव्हरचे (स्पीकरचे) चार पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेले डबे, प्रत्येकी ८ ओहम (विजेला होणारा अडथळा), वर दोन १५ इंची टॉप, म्हणजे बेसच्या वरचे सूर वाजवणारे डबे. काम मंगल कार्यालयं आणि लॉनवरचं. सुरुवातीला बेस भरपूर, पण नुसता घुमायचा. हलगीच्या रीमिक्सला ठोका छातीत बसतच नव्हता. अशा वेळी सगळे वॅट वाढवायला सांगतात. दुप्पट वॅटने मिळतात फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप), तेही घुमेसकट.

सर्वात मोठा फरक जागेने पडला. दोन-दोन डबे स्टेजच्या दोन टोकांना ठेवले की मधोमध बेस दणकतो आणि चार पावलं बाजूला सरकलं की गायब. ६० हर्ट्झची लाट सुमारे ५.७ मीटर लांब. दोन्ही बाजूंच्या अंतरात २.९ मीटर फरक पडेल तिथे हा सूर एकमेकांना मारतो. आता चारही डबे मध्ये, जमिनीवर, एकमेकांना चिकटून.

प्रोसेसरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉपची वाटणीची हद्द, ९५ हर्ट्झ, दोन्हीकडे २४ डीबी लिंकविट्झ-रायली (हद्दीबाहेरचे सूर झपाट्याने कापणारा फिल्टर). बेसला लो कट (त्याखालचे सूर कापणं) ३५ हर्ट्झ. हे डबे ४० हर्ट्झच्या आसपास ट्यून आहेत, म्हणजे पोर्ट तिथे सर्वात जास्त साथ देतो. त्याखाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो नुसताच हेलपाटतो. ५० हर्ट्झ वर उचलायचा मोह टाळा, घुम तिथूनच येते.

मग डिले, म्हणजे बेस आणि टॉपचा आवाज एकत्र पोचावा म्हणून एकाला किंचित थांबवणं. बेसची पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) उलटी करून ९५ हर्ट्झचा सूर लावायचा, नाचायच्या जागेच्या मध्यावर उभं राहून टॉपचा डिले आवाज सर्वात बारीक होईपर्यंत फिरवायचा, मग पोलॅरिटी सरळ. इथे बरेच जण फसतात: या सुराची एक लाट १०.५ मिलिसेकंदांची, त्यामुळे कान पुढच्या लाटेवरही ‘जुळलं’ म्हणतो. म्हणून आधी त्या जागेपासून बेस आणि टॉपच्या अंतरातला फरक टेपने मोजा (३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद) आणि त्याच आकड्याच्या आसपास शोधा. या मांडणीत टॉपला ४ मिलिसेकंद लागले. आणि हो, किक ड्रमची ‘टक्’ टॉपमधूनच येते, ३ किलोहर्ट्झच्या आसपास. ती दबलेली असेल तर बेस कितीही वाजवा, ठोका मऊच.

वायर १.५ चौरस मिमीची होती. २० मीटरला जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम. दोन डबे पॅरलल म्हणजे ४ ओहम, म्हणजे दहावा हिस्सा पॉवर वायरीतच गेली. आता ४ चौरस मिमी.

डब्यांबद्दल तक्रार एकच. तिसऱ्या महिन्यात ड्रायव्हरचे स्क्रू ढिले झाले आणि दर ठोक्याला कडेने ‘फुस्स’. ४५ हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून कडेने उदबत्ती फिरवली की जिथे गळती तिथे धूर थरथरतो. फोमची पट्टी लावून स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एका बाजूने सलग आवळलं तर फ्रेम वाकते. हँडल आणि स्पीकॉनची (स्पीकर वायर जोडायच्या सॉकेटची) पाटीही तपासा. एका डब्याची गळती तिथूनच होती.

लॉनवर मात्र जनरेटरच खेळ बिघडवतो. लाइटिंगच्याच फेजवर अ‍ॅम्प असला की किकसरशी दिवे मिचकतात आणि ठोका बसकतो. अ‍ॅम्पसाठी वेगळी फेज मागून घ्या.