लष्कराची जागा, लोकांची बाग: प्रेसिडिओ की टेंपेलहोफ?

पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यायची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. लष्कराच्या वापरातली जमीन लष्कराकडेच राहणार, हे त्यात धरलेलंच आहे. तरी उद्या एखादा जुना बंगला, एखादं मैदान मोकळं झालं, तर तिथे नेमकं काय मागायचं हे आपण आधी ठरवून ठेवायला हवं. ऐनवेळी जमलो तर आराखडा दुसऱ्याच कुणाचा तयार असतो. तुमचा नागरिक गट निवेदनाच्या तयारीत असेल, तर जगातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओत १७७६ साली स्पॅनिश सैन्याने ठाणं वसवलं. पुढे ते मेक्सिकोकडे गेलं, १८४६ मध्ये अमेरिकेकडे आलं आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याच्या हवाली झालं. जागा सुमारे १,५०० एकर, त्यावर शेकडो जुन्या इमारती. एवढं सांभाळायचा खर्च कोण करणार? अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये वेगळा न्यास नेमला आणि अट घातली: २०१३ पर्यंत स्वतःच्या कमाईवर उभे राहा, नाहीतर जमीन विकायला निघेल. न्यासाने बराकी आणि अधिकाऱ्यांची घरं दुरुस्त करून भाड्याने दिली, आणि अट पाळली. किनाऱ्याचा पट्टा उद्यान खात्याकडेच राहिला; तिथे जुन्या धावपट्टीचं डांबर उखडून दलदल परत आणली, ती २००१ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

याची किंमतही आहे. लष्करी रुग्णालयाच्या जागी एका मोठ्या चित्रपट कंपनीची कार्यालयं उभी राहिली, आणि बागेतल्या घरांना बाजारभावाने भाडं पडतं. मला मात्र तिथली एक गोष्ट फार पटते. लष्कराने १८८०च्या दशकात वाळूच्या टेकड्यांवर निलगिरी, पाइन, सायप्रस लावले. निलगिरी तर तिथली नव्हेच, तरीही ती राई इतिहासाचा भाग म्हणून जपतात. आपल्या कॅम्पातले रेन ट्रीही दक्षिण अमेरिकेतूनच आलेत. ‘परदेशी झाड’ म्हणून कुणी कुऱ्हाड काढली, तर हा दाखला द्या.

बर्लिनचं टेंपेलहोफ म्हणजे आधी प्रशियन फौजेचं कवायतीचं मैदान, मग विमानतळ, महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाचा तळ. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि मे २०१० मध्ये मैदान लोकांना खुलं केलं. तीनशे हेक्टरांहून जास्त जागा, आणि त्यावर जवळजवळ काहीच बांधलं नाही. धावपट्टीवर मुलं सायकली चालवतात, पतंग उडवतात. गवतात चंडोल घरटी करतात म्हणून हंगामात काही भागाला कुंपण घालतात. कडेला घरं बांधायची योजना आली तेव्हा २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून ती फेटाळली आणि तसा कायदाच झाला. पण खर्च शहराच्या तिजोरीतून होतो, आणि घरांची टंचाई वाढली की बांधकामाचा विषय पुन्हा निघतो.

पुण्यासाठी मी प्रेसिडिओची वाट धरेन, पण बर्लिनचा कायदा हातात घेऊन. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलता येतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून काय बांधता येणार नाही, हे कायद्यात आधी लिहून घ्यावं आणि भाड्याने देणं फक्त उभ्या असलेल्या इमारतींपुरतं ठेवावं.

स्वतःच्या कमाईवर बाग चालते का, ही शंका असेल तर एम्प्रेस गार्डनला जाऊन या. ती एके काळची सोल्जर्स गार्डन. आज ३९ एकरांत महापालिका नव्हे, एक जुनी संस्था प्रवेशशुल्क, रोपवाटिका आणि जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन यांच्या आधारावर तिची निगा राखते. गारंबीचे ते अजस्र वेल तिथे अजून आहेत. आणि इमारती गेल्या की काय होतं ते शनिवारवाड्यात दिसतं: १८२८च्या आगीनंतर तटाच्या आत उरले ते चौथरे आणि कारंजी. वाडा कसा होता, हे शेजारी उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं.

नुसतं मोकळं मैदान मिळणार असेल तर टेंपेलहोफचा मोह होईल. त्याआधी मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या जागेवर जाऊन उभे राहा. दहा मिनिटं थांबवलं नाही, तर निवेदनात पहिली मागणी झाडांची लिहा.