टेलिकॉमवर प्रोजेक्ट करताय? ट्रायचे आकडे घ्यायचे की एनएसएसचे

एमएला टेलिकॉम विषय घेतलेल्या दोघातिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एनएसएस म्हणजे सरकारचा घरोघरी जाऊन होणारा नमुना सर्वे.

विषय स्पर्धेचा असेल, म्हणजे सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर कुणाचं गिऱ्हाईक कुणी पळवलं, किंवा ऑक्टोबर २०१७ ला आययूसी (दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर कॉल गेला की तिला द्यायचे मिनिटाचे पैसे) १४ पैशांवरून ६ वर आणल्यावर काय झालं, तर ट्रायच घ्या. दर महिन्याचे कंपनीवार, सर्कलवार (सर्कल म्हणजे साधारण राज्याएवढा टेलिकॉमचा विभाग) आकडे मिळतात, एचएचआय, म्हणजे बाजार किती मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे तो निर्देशांक, बसल्या बैठकीला निघतो. एनएसएस तिथं कामाचं नाही.

पण माझा विषय होता खेड्यात मोबाईल किती पोचला, आणि तिथं ट्रायनं मला गंडवलं. ट्राय माणसं नाही मोजत, सिम मोजतं. आमच्या घरी तासगावला माणसं चार आणि सिम सहा. एक कपाटात मरून पडलंय, ते ठीक, व्हीएलआरचा (नेटवर्कवर खरंच चालू असलेल्या सिमचा) आकडा घेतला की अशी मेलेली सिमं गळतात. पण एक आहे विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये, रातपाळीची लाईट आली की आबा अंथरुणातनंच फोन लावतात आणि मोटार चालू. ते सिम कायम रेंजमध्ये, म्हणजे व्हीएलआरच्या चाळणीतनं पण आरामात पार! आमच्या शिवारात तर असे स्टार्टर बऱ्याच विहिरींवर आहेत. आणि मी इकडं चॅप्टरभर ग्रामीण ग्राहक वाढले म्हणून लिहीत बसलेलो, आईकडं मात्र स्वतःचा फोनच नाही.

एनएसएसच्या ७९व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) सरळ माणसाला धरून विचारलंय, मागच्या तीन महिन्यांत मोबाईल वापरला का. मला तेवढंच हवं होतं. त्रास तिथंही आहे, डेटा म्हणजे नुसती आकड्यांची माळ, कुठला कॉलम कुठं तुटतो ते लेआउट फाइल बघून लावायचं, मी मल्टिप्लायर (नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या कितींच्या जागी धरायचा ते वजन) लावायला विसरलो आणि आठवडा गेला.

सांगली वेगळी काढायची असेल तर दोन्हीकडं नाद सोडा. ट्रायच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही, एनएसएसमध्ये पुणे, नगर, सोलापूर, सातारा, कोल्हापूर आणि आपली सांगली असा एक रीजन तरी मिळतो.

मी मार्केट शेअरचं टेबल ट्रायचं ठेवलं आणि बाकी चॅप्टर एनएसएसवर परत लिहिला. तुमचं वेगळं असू शकतं, गाइडना विचारा, ते बहुतेक ट्रायच म्हणतील.