विंडोजवरून लिनक्स मिंटवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. मशीन मात्र ठणठणीत होतं. म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, सिनॅमन डेस्कटॉपवाली (सिनॅमन म्हणजे पडद्यावरच्या मेनू-पट्टीची रचना). आता रोजचं सगळं काम त्यावरच चालतं.

दिसायला फार फरक नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. सवय मोडावी लागते ती फाइल शोधताना. इथे सी, डी असे ड्राइव्ह नाहीतच. सगळे फोल्डर एकाच मुळापासून फुटतात. आपल्या फाइली 'होम'मध्ये असतात, आणि पेनड्राइव्ह लावला की तोही त्याच झाडात 'मीडिया'खाली येऊन बसतो. वर्षानुवर्षं "डीमध्ये ठेवलंय" म्हणणाऱ्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण या रचनेचा फायदा मोठा आहे. होमसाठी वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, ठेवलं आणि ते फॉरमॅट केलं नाही, तर सिस्टीम नव्याने टाकली तरी आपल्या फाइली जागच्या जागी राहतात. इन्स्टॉल करतानाच हे करून घ्या, नंतर फार खटपट पडते.

सॉफ्टवेअर मिळवायची रीतही वेगळी. वेबसाइट शोधा, इन्स्टॉलर उतरवा, नेक्स्ट-नेक्स्ट करा, हे बहुतेक वेळा लागत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा आणि तिथूनच घ्यायचं. त्यामुळे अपडेट मॅनेजरमध्ये सिस्टीम, ब्राउझर, लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखं सॉफ्टवेअर) या सगळ्यांचे अपडेट एकत्र दिसतात. ते कधी टाकायचे हे आपण ठरवतो. मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. अपडेट टाकण्याआधी टाइमशिफ्ट हे सिस्टीमची स्थिती जपून ठेवणारं साधन मात्र लावून ठेवा. अपडेटनंतर काही बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत जाता येतं. त्यात होम फोल्डर आपोआप धरलेला नसतो, तेव्हा फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यायचाच.

टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, घाबरायचं कारण नाही. रोजच्या कामाला ते लागत नाही, पण अडलं की मदत बहुधा कमांडच्या रूपात मिळते, म्हणून थोडं शिकून घ्यावं. तिथे कंट्रोल-सी दाबलं तर चालू कमांड थांबते, कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी.

मराठी टायपिंग अगदी सोपं निघालं. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट लेआउट असतोच, तो फक्त जोडायचा.

आता उणिवा. फोटोशॉप आणि एमएस ऑफिस लिनक्ससाठी निघत नाहीत. साधी डॉक्युमेंट लिबरऑफिसमध्ये नीट उघडतात, पण ज्यांचं काम मॅक्रोवाल्या (कामं आपोआप करणाऱ्या कमांड असलेल्या) एक्सेल फाइलींवर चालतं त्यांनी पूर्णपणे इकडे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा फिंगरप्रिंट रीडरही चालत नाही, त्याच्यासाठी ड्रायव्हरच मिळाला नाही.

म्हणून आधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. डिस्कला धक्का न लागता वायफाय, आवाज, प्रिंटर, ब्लूटूथ सगळं तपासता येतं.