एनपीटीईएलचा ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ अभ्यासक्रम: सात वर्षांच्या खंडानंतर परतताना

अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी दोन वर्षे नोकरी केली, त्यानंतर लग्न झाले, परभणीला आले आणि दोन मुलींच्या संगोपनात सात वर्षे कशी गेली ते कळलेही नाही. धाकटी शाळेत जाऊ लागली तेव्हा पुन्हा संगणक क्षेत्रात जाण्याचे मनावर घेतले. मराठवाड्यात माझ्यासारख्या स्त्रिया प्रत्येक गल्लीत आहेत. कोणी बीसीए आहे, कोणी संगणकशास्त्रात बीएस्सी, तर कोणी एमएस-सीआयटी करून थांबलेली. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो तो नेमके काय शिकावे आणि कोणाकडून शिकावे हा. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून मी स्वतः पूर्ण केलेल्या एका अभ्यासक्रमाचे हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

त्याआधी एक चूक सांगते. सुरुवातीला मी एका खाजगी क्लासमध्ये नाव घातले होते. त्याचे नाव येथे देत नाही. फी ४८ हजार रुपये होती आणि ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ असा फलक दाराबाहेर लावलेला होता. शिकवणारा तरुण पडद्यावरील मजकूर वाचून दाखवत असे आणि शंका विचारली की ‘मॅडम, हे पुढच्या भागात येईल’ असे सांगत असे. दोन महिन्यांनी मी तो क्लास सोडला, पण भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. नवऱ्याच्या पगारातून गेलेल्या त्या पैशांचे दुःख मला आजही आहे, आणि म्हणूनच पुढचे पाऊल मी फार जपून टाकले.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून चालवलेला उपक्रम असून त्याचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर उपलब्ध असतात. नाव नोंदवणे आणि शिकणे पूर्णपणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. मी भरले तेव्हा ते १००० रुपये होते. सत्रे साधारणपणे जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा सुरू होतात. मी निवडलेला ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम आयआयआयटी बेंगळुरूच्या प्राध्यापिका मीनाक्षी डिसूझा शिकवतात.

टेस्टिंग म्हणजे मुलींसाठी सोपे काम, खरे काम कोडिंगचे, असा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. मलाही एका नातेवाइकाने हेच सुनावले होते. या अभ्यासक्रमाने तो समज माझ्यापुरता मुळापासून उखडून टाकला. येथे टेस्टिंग म्हणजे बटणे दाबून बघणे नसते, तर प्रोग्रॅमचा आलेख काढून त्यातील कोणत्या वाटा चाचणीत आल्या आणि कोणत्या राहिल्या हे शिस्तीने तपासणे असते. आलेखावर आधारित चाचणी, तार्किक अटींची चाचणी, इनपुटचे, म्हणजे प्रोग्रॅमला दिल्या जाणाऱ्या माहितीचे, गट पाडून केलेली चाचणी आणि मुद्दाम चुका पेरून आपल्या चाचण्यांचीच परीक्षा घेणारे म्युटेशन टेस्टिंग असा त्याचा पसारा आहे.

समजावे म्हणून मी प्रत्येक संकल्पना एसटीच्या तिकिटावर बसवून बघत असे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत आहे. आता तिकिटाच्या प्रोग्रॅममध्ये ‘प्रवासी महिला असेल तर भाडे निम्मे करा’ अशी एक अट आहे असे समजा. एका महिलेचे तिकीट काढून पाहिले की प्रोग्रॅममधील प्रत्येक ओळ एकदा चालून होते आणि चाचणी पूर्ण झाली असे वाटते. परंतु ती अट खोटी ठरली, म्हणजे प्रवासी पुरुष असला, तर काय होते ही वाट आपण तपासलेलीच नसते. आलेखातील सर्व बिंदू (प्रोग्रॅममधील पायऱ्या) गाठणे आणि सर्व कडा (एका पायरीवरून दुसरीवर जाणाऱ्या वाटा) गाठणे या दोन गोष्टींत फरक का आहे, ते मला या एका तिकिटाने शिकवले.

इनपुटचे गट पाडण्याचा भाग आला तेव्हा तर हे उदाहरण अधिकच फुलत गेले. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मी सवलत आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. मी मोठ्या मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले आणि ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७५, ७६ अशी वये एकाखाली एक लिहिली, कारण चुका बहुधा अशा सीमेवरच दडून बसलेल्या असतात. मग मनात आले की माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या आहेत. त्या महिलाही आहेत आणि ज्येष्ठही आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्ही अटी एकापाठोपाठ एक लावल्या असतील, तर त्यांचे भाडे निम्म्याचेही निम्मे होईल. त्या रात्री मी इतकी आनंदले होते की झोपलेल्या नवऱ्याला उठवून हे समजावून सांगितले.

शिकवण्याची पद्धत संथ, स्पष्ट आणि पायरीपायरीने पुढे नेणारी आहे. व्याख्याने इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना पहिले दोन-तीन आठवडे जड जातील, हे मी अनुभवाने सांगते. मी व्हिडिओचा वेग कमी करून ऐकत असे आणि नवे शब्द वेगळ्या वहीत लिहून ठेवत असे. चौथ्या आठवड्यानंतर त्या वहीची गरज कमी होत गेली. थोडेफार प्रोग्रॅमिंग मात्र आधी यायला हवे. त्याची अगदीच ओळख नसेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम आधी करावा, तेही एनपीटीईएलवर उपलब्ध आहेत.

खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची. आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने असली तरी समजून घेणे, उजळणी आणि असाइनमेंट धरून मला आठ तास लागत. ते मी पहाटे साडेचार ते सहा या वेळेत काढले, कारण त्यानंतर नळाला पाणी, डबे आणि शाळेची रिक्षा सुरू होते. असाइनमेंटची अंतिम तारीख चुकवून चालत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते, म्हणून मी व्हिडिओ आधीच मोबाईलवर उतरवून ठेवत असे. घरातील माणसांशी या दीड तासाबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे, असे मी प्रत्येकीला सांगेन. मी पहिला महिना बोललेच नाही आणि त्या काळात दोन असाइनमेंट बुडाल्या. सुदैवाने १२ पैकी उत्तम गुणांच्या ८ असाइनमेंटच धरल्या जातात.

अंतिम गुणांत असाइनमेंटना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि प्रमाणपत्रासाठी दोन्हींत अनुक्रमे किमान १० व ३० गुण मिळवावे लागतात. परीक्षा तीन तासांची असते आणि ती केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली संगणकावर द्यावी लागते. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या ढिगात या कागदाला जे वजन आहे ते त्या देखरेखीमुळेच आहे. मी केंद्र म्हणून पुणे निवडले, कारण तेथे माझ्या नणंदेचे घर आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेले, परीक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी परतले. मला ७१ गुण मिळाले आणि प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असा शेरा आला.

आता उणिवा. हा अभ्यासक्रम पाया पक्का करतो, पण नोकरीच्या जाहिरातींत मागितली जाणारी साधने हाताळण्याचा पुरेसा सराव त्यातून होत नाही. संकेतस्थळांची चाचणी आपोआप चालवणारे सिलेनियम हे साधन मी वेगळे शिकले आणि डेटाबेसमधील माहिती काढण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलची उजळणी केली. एका संकेतस्थळाची चाचणी करून ६० टेस्ट केस (काय तपासायचे आणि काय घडायला हवे याच्या नोंदी) आणि सापडलेल्या बगची, म्हणजे चुकांची, नोंद गिटहबवर, म्हणजे आपले काम सर्वांना पाहता येईल असे ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवली. हे सर्व मोबाईलवर होत नाही, त्यासाठी लॅपटॉप लागतोच. शिवाय नोकरी मिळवून देण्याची कोणतीही व्यवस्था येथे नाही. रेझ्युमे पाठवण्याची आणि नकार पचवण्याची सगळी तयारी आपली आपणच करायची असते. मला २३ ठिकाणांहून उत्तरच आले नाही.

चोविसाव्या ठिकाणी मुलाखत झाली. सात वर्षांच्या खंडाबद्दल विचारले तेव्हा मी खजील न होता मुलींचे संगोपन केले असे सांगितले आणि लगेच गिटहबवरील काम दाखवले. एखाद्या गोष्टीची चाचणी कशी कराल, असे विचारल्यावर मी एसटीचे तिकीट मांडले. सासूबाईंच्या वयाचा मुद्दा आला तेव्हा समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. ‘मुली लहान आहेत, जमेल का?’ हा प्रश्नही दुसऱ्या एका गृहस्थांनी विचारलाच. मीही कामाच्या वेळा, घरून काम करण्याची मुभा आणि पाळणाघर यांबद्दल विचारले. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने केली आहे. हे विचारताना कोणत्याही स्त्रीने संकोच करू नये.

गेले १४ महिने मी टेस्टर म्हणून काम करत आहे, त्यातील बहुतेक दिवस परभणीतूनच. पगार पुण्यातील समवयस्क मैत्रिणींपेक्षा कमी आहे, पण ऑटोमेशनचे, म्हणजे चाचण्या आपोआप चालतील असे प्रोग्रॅम लिहिण्याचे, काम हाती आल्यापासून तो वाढू लागला आहे. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असलेल्या आणि रोज दीड तास स्वतःसाठी राखू शकणाऱ्या स्त्रीला मी हा अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवेन. तीन महिन्यांत नोकरी हवीच अशी निकड असेल तर मात्र केवळ यावर विसंबू नये. माझी ती शब्दांची वही सध्या शेजारच्या वहिनींकडे आहे. त्यांनी जुलैच्या सत्रासाठी नाव नोंदवले असून त्या दुसऱ्या आठवड्यात आहेत.